मांड पक्की, तर हात हलका

प्रश्न : महालक्ष्मी रेसकोर्सवर घोडेस्वारी शिकते आहे. मला शो जंपिंग करायचे आहे. मग ड्रेसेजचे धडे कशाला? लगाम हलका धरला तर घोडा आवरेल का? (एक वाचक, दादर)

उत्तर : धडे जरूर घ्या. मांड कच्ची असली की स्वार तोल सावरायला लगामाला लटकतो. ती ओढ घोड्याची जीभ आणि दात नसलेली नाजूक हिरडी यांवर टेकलेल्या बिटवर (तोंडातल्या दांडीवर) येते. दुखले की घोडा मान ताणून उलट ओढतो. म्हणजे घट्ट लगामाने ताबा घटतोच. ड्रेसेजमध्ये, म्हणजे सूक्ष्म इशाऱ्यांवर घोडा चालवण्याच्या प्रकारात, कान, खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत आणतात, रिकिबीशिवाय बसवून तोल पक्का करतात. मग हात मोकळा होतो : घोडा चालताना मान हलवतो, तिच्याबरोबर तुमचे कोपर पुढे-मागे गेले पाहिजे. हलका हात म्हणजे लोंबता लगाम नव्हे. स्पर्श सलग आणि सारखा हवा.

जंपिंगलाही हेच लागते. उडी घेताना घोडा मान लांबवतो. तेव्हा हात अडला तर उडी बिघडते. आणि ड्रेसेज आपल्याला परके नाही : २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसेजचे सांघिक सुवर्ण जिंकले, त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. प्रशिक्षकांकडे रिकिबीशिवायचा सराव आवर्जून मागा; घोड्याच्या तोंडाची काळजी ही स्वाराची पहिली जबाबदारी आहे.