निराशा कोणाची?

गायक हॉवर्ड जोन्स २०१२ मध्ये किलस्विच एंगेजमधून बाहेर पडला. त्याच्या नव्या बँडचा, डेव्हिल यू नोचा, ‘द ब्यूटी ऑफ डिस्ट्रक्शन’ हा पहिला अल्बम २०१४ साली आला. मी तो मोठ्या आशेने ऐकला आणि वहीत एकच शब्द लिहिला: ‘निराशा’. पण एवढ्याने समीक्षा होत नाही. कारण शोधायला पुन्हा ऐकला.

मेटलकोरमध्ये आधी गुरगुर, किंचाळी. मग कोरसला मोकळा, सुरेल आवाज. खरी गंमत त्या बदलात. इथे आवाज तसाच भरदार आहे, पण बरीच गाणी एकाच साच्यातली. कोरस कधी येणार ते आधीच कळतं. हा दोष अल्बमचा.

उरलेली निराशा मात्र माझी: मला जुनाच बँड हवा होता! मित्रांनो, समीक्षा लिहिताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.