मधलं वर्ष

नकाराची मेल मुलीच्या नावानं येते, पण कित्येक घरांत ती आधी बाबांनी वाचलेली असते, कारण अर्जाचा पासवर्ड त्यांच्याकडे असतो. अमेरिकेतल्या काही नामांकित विद्यापीठांचे निकाल मार्चच्या अखेरीस तिथल्या संध्याकाळी लागतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमाराला. बाबा गजर लावून उठतात, लॉगिन करतात, वाचतात. मग ती उठेपर्यंत स्वयंपाकघरात आईबाबांची दबक्या आवाजात चर्चा चालते, की आता हिला सांगायचं कसं. जिचा प्रश्न आहे ती आत झोपलेली असते.

पालकहो, आजचं हे बोलणं तुमच्याशीच आहे. बाहेरच्या विद्यापीठानं नाही म्हटलंय, शाळा-कॉलेजचे गुण यथातथा आहेत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा का यावर घरात खल चाललाय, अशा आईबाबांशी. माझी बरीच वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांमध्ये गेली. एप्रिल उजाडला की असे पालक भेटायला येतात, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, निबंध जरा कमी पडला. या वेळी चांगल्या माणसाकडून लिहून घेऊ."

माझा पहिला प्रश्नही ठरलेला असतो. निबंध बाजूला ठेवा; पुढच्या वर्षीच्या अर्जात या वर्षीपेक्षा नवं काय असेल? यावर बराच वेळ कोणी बोलत नाही. अर्ज तोच, गुण तेच, शिफारसपत्र त्याच सरांचं, फक्त भाषा अधिक गुळगुळीत, असा बेत असेल तर अर्जाची फी वाचवा. हार्वर्डसारख्या ठिकाणी शंभर अर्जांमागे जेमतेम चारांना प्रवेश मिळतो. नाकारलेल्यांत उत्तम गुणांची मुलंही ढिगानं असतात, आणि नकाराचं कारण कोणी कळवत नाही. ब्रिटनमधली काही विद्यापीठं विचारल्यावर थोडक्यात अभिप्राय देतात. तो जरूर मागा, आणि मुलीलाच मागू द्या.

आता गुणांचं. आपल्याकडे गुण म्हणजे दहावी आणि बारावी. क्लासवाल्यांनी गेल्या वीसेक वर्षांत आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय की अकरावीचे गुण कोणी मोजत नाही. जेईई-नीटपुरतं ते खरंही आहे. त्यामुळे अकरावीला मुलं कॉलेजात नावापुरती, दिवसभर क्लासमध्ये, आणि कॉलेजची परीक्षा कशीतरी उरकलेली. अमेरिकन विद्यापीठ मात्र नववी ते बारावी अशा चारही वर्षांची गुणपत्रकं मागतं. ज्या अकरावीकडे घरात कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, ती तिथला माणूस शांतपणे वाचतो. ब्रिटनमध्ये मुख्य भर बारावीवर. तिथली बरीच विद्यापीठं सीबीएसई-आयएससीसाठी एक टक्केवारी आणि राज्य मंडळांसाठी दुसरी, अशी वेगवेगळी अट लावतात. ती त्यांच्या संकेतस्थळावर लिहिलेली असते. ती न वाचता अर्ज केलेली घरं मी पाहिली आहेत, चांगली शिकलेली घरं.

नववीचे गुण आता बदलणार नाहीत. पण सगळंच बंद झालंय असंही नाही. बारावी पास झालेल्यांना मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेत पुन्हा परीक्षेला बसता येतं. मात्र त्याआधी ज्या विद्यापीठात जायचंय तिथे लेखी विचारा, कारण काही अभ्यासक्रमांना पहिल्याच प्रयत्नातले गुण लागतात. फिजिक्स कच्चं दिसत असेल तर मे महिन्यात होणारी एपीची, म्हणजे अमेरिकन कॉलेज पातळीची, फिजिक्सची परीक्षा देता येते. तिथे १ ते ५ अशी श्रेणी असते, आणि ५ मिळाली तर अकरावीच्या गुणांना समोरासमोर उत्तर मिळतं. आयईएलटीएसचे गुण दोन वर्षं चालतात, तेव्हा ते चांगले असतील तर पुन्हा त्यावर महिने घालवू नका. असंही होतं, की जे आधीच बरं आहे त्याचाच क्लास परत लावतात, कारण तो क्लास घराजवळ असतो.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो मधल्या वर्षाचा. "वर्ष वाया नको" म्हणून जूनमध्ये मुलीला एफवायला घालतात आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेचा अर्ज पुन्हा उघडतात. इथल्या कॉलेजात पदवीला पूर्णवेळ नाव घातलं, की तिथली अनेक विद्यापीठं तिला बारावीनंतरची नवी विद्यार्थिनी मानत नाहीत. तिचा अर्ज ट्रान्स्फरचा, म्हणजे एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणाऱ्यांचा होतो. ट्रान्स्फरच्या जागा थोड्या, आणि बाहेरच्या देशातल्या मुलांना त्यात आर्थिक मदत मिळणं आणखी कठीण. म्हणजे जे वर्ष वाचवायला गेलो, त्यानंच दार अरुंद केलं.

जर्मनीच्या बाबतीत नेमकं उलट आहे. आपली बारावी तिथे एकटी पुरत नाही. सहसा एकतर तिथल्या श्टुडिएनकोलेगमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारी वर्गात, वर्षभर शिकून परीक्षा द्यायची, नाहीतर भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच शाखेचं निदान पहिलं वर्ष पूर्ण करायचं. मग त्या शाखेत थेट प्रवेशाची वाट बऱ्याचदा उघडते. तिथे एफवाय कामाला येतं. सोबत पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकता येतं. सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क बहुतेक ठिकाणी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही आता फी सुरू केली आहे. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीकच पैसे काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून हा आकडा आहे. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्रही सक्तीचं झालं. ते हातात पडायला वेळ लागतो, म्हणून आधी त्याच्या मागे लागा.

एकच एफवाय, एका देशासाठी पायरी, दुसऱ्यासाठी अडसर. देश आधी ठरवा, मग वर्षाचं काय करायचं ते. आपण नेमकं उलटं करतो, कारण जून जवळ आलेला असतो आणि नातेवाईक विचारत असतात.

आता थोडं आइनस्टाइनबद्दल. नापास मुलांच्या आईबाबांना दर सहा महिन्यांनी त्याच्या नावाचा एक मेसेज येतो: तो गणितात नापास झाला होता. नव्हता झाला. खरी हकीकत तुमच्या प्रश्नाच्या फार जवळची आहे. म्युनिकची शाळा त्यानं प्रमाणपत्र न घेताच सोडली आणि १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिच पॉलिटेक्निकची प्रवेशपरीक्षा दिली. वय सोळा, तिथलं नेहमीचं वय अठरा. त्याच्यासाठी एका कौटुंबिक स्नेह्यानं शब्द टाकला होता. संचालक अल्बिन हेरत्सोग यांनी त्या स्नेह्यांना साधारण असं कळवलं होतं, की मुलगा अगदी असामान्य असला तरी त्याला सुरू केलेल्या शाळेतून मध्येच उचलू नये. तरीही वयाची अट बाजूला ठेवून परीक्षेला बसू दिलं. गणित-पदार्थविज्ञान उत्तम झालं, पण फ्रेंच आणि इतर सर्वसाधारण विषयांत तो कमी पडला. मग सल्ला मिळाला: आराऊच्या शाळेत जा, शिक्षण पूर्ण कर, पुन्हा ये.

तो गेला, विंटेलर नावाच्या शिक्षकांच्या घरी राहिला, १८९६ मध्ये शालान्त परीक्षा पास झाला आणि त्याच पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. त्या गुणपत्रकात गणिताला ६ पैकी ६ आहेत. फ्रेंचला ३. म्हणजे ज्या विषयानं आदल्या वर्षी अडवलं त्यात तो चमकला वगैरे काही नाही. बदललं ते एवढंच, की त्याच्या हातात पूर्ण झालेल्या शाळेचा कागद आला आणि तो एका वर्षानं मोठा झाला.

मला त्यातले वडील आवडतात. हेरमान आइनस्टाइन यांचा विजेच्या उपकरणांचा धंदा इटलीत डबघाईला आला होता. मुलाला शिक्षणासाठी महिन्याला १०० फ्रँक आजोळच्या नातेवाइकांकडून मिळत. १८९५ च्या अखेरीस आराऊहून प्रगतिपुस्तक आलं, त्यात काही गुण मनासारखे नव्हते. त्यांनी विंटेलरना लिहिलं त्याचा आशय असा: आमच्या आल्बर्टच्या बाबतीत फार चांगल्या गुणांशेजारी बेताचे गुण बघायची मला जुनी सवय आहे, त्यामुळे मी काही खचलेलो नाही. मुलगा पुढे कोण होणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरी लिहिलं.

हे सांगितलं म्हणून तुमच्या मुलीला आइनस्टाइनची गोष्ट सांगू नका हं. तिला ती टोमण्यासारखी लागते.

कमी गुण लपवायचा मोह होतो, आणि मदत करणारेही भेटतात. ब्रिटनच्या यूकास या सामाईक अर्जात दिलेल्या सगळ्या परीक्षा लिहाव्या लागतात, नापास झालेल्याही. पुढे उघड झालं तर मिळालेला प्रवेश जातो. बनावट कागदाचं काय होतं ते २०२३ मध्ये कॅनडात दिसलं: एजंटांनी दिलेली प्रवेशपत्रं खोटी निघाली आणि आपल्याकडच्या कित्येक मुलांवर, शिक्षण झाल्यावर, परत पाठवणीची वेळ आली. त्याच वर्षाच्या शेवटापासून तिथलं सरकार प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजकडून पडताळून घेऊ लागलं. एजंट सगळे वाईट नसतात. पण अनेकांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, म्हणून त्यांचा सल्ला "फुकट" असतो. कोणकोणत्या विद्यापीठांशी तुमचा करार आहे, असं सरळ विचारा.

गुण का घसरले याला खरं कारण असेल, घरातलं आजारपण, गाव बदलणं, काहीही, तर ते सांगायला अर्जात वेगळी जागा असते. तीन-चार वाक्यांत सांगावं, आणि त्याला दुजोरा शाळेच्या पत्रातून मिळावा. मुख्य निबंध त्यात खर्ची घालू नका. आणि हो, तो निबंध तुम्ही लिहू नका. सतरा वर्षांच्या मुलीनं 'आयुष्याच्या या वळणावर मागे वळून पाहताना' असं लिहिलं की वाचणाऱ्याला तिच्या मागे उभे असलेले बाबा दिसतात. पासवर्डही तिला बदलू द्या.

मधल्या वर्षात करायचं काय? पंधरा दिवसांचं समाजकार्य आणि त्याचं रंगीत प्रमाणपत्र नको. सांगलीकडचा माझा एक विद्यार्थी वडिलांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसायला लागला. त्याआधी तो त्या दुकानाची लाज बाळगायचा, त्यामुळे पहिल्या अर्जात त्याचा उल्लेखही नव्हता. जळून आलेल्या शेतीपंपांची तो वही ठेवायला लागला: कुठल्या गावचा, किती एचपीचा, कोणत्या महिन्यात जळाला. दाब कमी झाला की मोटार जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापून जळतं, हे वडिलांना अनुभवानं माहीत होतं. यानं ते नोंदी ठेवून दाखवलं. सोबत गणिताचे गुण सुधारले. दुसऱ्या वर्षी यूकासमधून अर्ज केलेल्या पाचपैकी एका ठिकाणी त्याला जागा मिळाली. पहिल्या वर्षी ज्या विद्यापीठानं नाकारलं होतं, त्यानं पुन्हा नाकारलंच. त्याचं आता त्याला काही वाटत नाही. वडिलांना अजून वाटतं.

पैशाचं बोलणं आधी करा, अर्जाच्याही आधी. किती रक्कम आहे, किती कर्ज काढू, आणि कशाला हात लावणार नाही: गावची जमीन, आईचे दागिने, धाकट्याच्या शिक्षणाचे पैसे. मुलांना हे कळतं. न कळता बाहेर जाऊन तिसऱ्या सत्रात कळतं ते वाईट. परदेशी विद्यार्थ्यांनाही प्रवेश देताना पैशाची गरज विचारात न घेणारी विद्यापीठं अमेरिकेत मोजकीच आहेत, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, आम्हर्स्ट अशी. म्हणजे जिथे मदत सढळ तिथे स्पर्धा सगळ्यात कडवी. इतरत्र मदत मागितली की प्रवेशाच्या निर्णयावर तिचा परिणाम होऊ शकतो.

तारखांचं एवढंच: अमेरिकेचा सामाईक अर्ज १ ऑगस्टला उघडतो, ऑक्सफर्ड-केंब्रिज आणि वैद्यकीयसाठी यूकासची मुदत १५ ऑक्टोबर, बाकीच्यांची जानेवारीत. शिफारसपत्रासाठी सरांना गणपतीच्या आधी भेटावं, आणि मुलीनं एकटीनं जावं. त्या सरांना ती खरंच ओळखीची असली पाहिजे. मुख्याध्यापकांचं लेटरहेड कितीही भारी असलं तरी त्यातून तिचं काही कळत नाही.

आणि दुसऱ्यांदाही नाही आलं तर, हे आत्ताच बोलून ठेवा. इथे पदवी करून एमएसला जाणारी मुलं आपल्या ओळखीत चिक्कार आहेत. खर्च चार वर्षांऐवजी दीड-दोन वर्षांचा होतो, आणि मुलगी एकवीस-बावीस वर्षांची असते. त्या अर्जात पदवीचे गुण पाहतात, प्रकल्प पाहतात, प्राध्यापक काय लिहितात ते पाहतात. अकरावीची मार्कशीट तिथे सहसा कोणी मागतही नाही.