दोन मिनिटांचे नूडल्स, बारा मिनिटांचे जेवण

आमच्या श्रूजबरीत डिसेंबरमध्ये साडेचारलाच अंधारून येते. रूट ९ वरची गर्दी पार करून नवरा-बायको घरी पोचेपर्यंत साडेसहा होतात. मुले भुकेलेली, कुकर लावण्याचा उत्साह नाही. मग नूडल्स सूपचे पाकीट बाहेर निघते. ते वर्ज्य करा म्हणणे सोपे, पण ऐकतो कोण? म्हणून त्याचेच जेवण कसे करावे ते सांगतो. मी प्रोग्रॅम लिहिणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण तक्ते वाचायची सवय आहे.

१९९४ पासून अमेरिकेत बहुतेक पाकीटबंद पदार्थांवर पोषणाचा तक्ता सक्तीचा आहे. त्यात आधी 'सर्व्हिंग' पाहावे. अर्धी वडी म्हणजे एक सर्व्हिंग असे लिहिले असेल, तर पूर्ण पाकिटासाठी आकडे दुप्पट करायचे. ८५ ग्रॅमच्या नेहमीच्या पाकिटात सोडियम दीड हजार मिलिग्रॅमच्या आसपास, पुष्कळदा त्याहून जास्त असते. मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा आहे २,३०० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ. त्यातले दोन तृतीयांश या एका वाडग्यातच संपले!

आमच्याकडे वडील सहा महिन्यांसाठी आले ते रक्तदाबाच्या गोळ्या घेऊनच. पाहुण्यांसाठी काढलेल्या बऱ्याच विमा पॉलिसींत आधीपासूनच्या दुखण्याचा खर्च मिळत नाही, किंवा अगदी मर्यादित मिळतो. इमर्जन्सी रूमचे बिल मात्र डॉलरमध्येच येते. तेव्हा मिठाचा हिशेब हा पैशांचाही हिशेब आहे.

बहुतेक मीठ मसाल्याच्या पुडीत असते. आम्ही पाव पुडी वापरतो आणि उरलेली फेकून देतो (जपून ठेवली की कोणीतरी घालतेच!). एका वडीत दोन माणसे धरावीत. या वड्या बहुधा तेलात तळून वाळवलेल्या असतात. म्हणून त्या वेगळ्या उकडून पाणी ओतून द्यावे. थोडे तेल आणि मीठ त्याबरोबर जाते.

दुसऱ्या पातेल्यात चमचाभर तेलात जिरे, हिंग, आले-लसूण आणि हिरवी मिरची घालावी. त्यावर दोन मुठी फ्रोझन मटार-गाजर-फरसबी, मूठभर पालक आणि तीन कप पाणी. फ्रिजमध्ये कालचे मुगाचे वरण असेल तर वाटीभर ढकलावे. नसेल तर टोफूचे तुकडे किंवा एक फेटलेले अंडे. उकळी आली, भाज्या शिजल्या की नूडल्स आणि पाव पुडी घालून मिनिटभराने उतरवावे. वरणाचे केले तर चव चकोल्यांच्या जवळ जाते. वडिलांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले ते याच कारणाने. वरून मीठ नाही, लिंबू मात्र भरपूर पिळावे. सोया सॉस घालाल तर ये रे माझ्या मागल्या: एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते.

'कमी सोडियम' लिहिलेली पाकिटेही मिळतात. त्यांतल्या काहींत मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी ती आणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.