बँडच्या वाजंत्रीची तीन बटणे : खरेदीपूर्वी समजून घ्या

लग्नसराई तोंडावर आली की बँडपथकांचे मालक जुनी-नवी वाजंत्री पाहू लागतात. ट्रंपेट घेताना बहुतेकांची नजर पितळेच्या चकाकीवर जाते. वास्तविक त्या वाद्याची खरी किंमत तीन बटणांत असते. तेव्हा वाचकहो, ही बटणे करतात काय ते पाहू.

बिगुलाला बटण नसते. नळीची लांबी कायम, म्हणून ओठ आवळून-सैल सोडून मोजकेच सूर निघतात, मधले निघत नाहीत. नळी लांब झाली की सूर उतरतो. पूर्वी त्यासाठी नळीचे जादा तुकडे हाताने जोडावे लागत. १८१८ साली प्रशियात श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी झडपेचे पेटंट घेतले व १८३९ साली पॅरिसच्या पेरिने याने पिस्टनला आजचे रूप दिले. आपल्याकडे मेरठच्या जली कोठीतील कारागिरांनी हा हुन्नर जिवंत ठेवला आहे.

विष्णुपुरीच्या बंधाऱ्याचे दरवाजे पाणी अडवतात. ही झडप वारा अडवीत नाही, वळसा घालायला लावते. पिस्टनला आरपार भोके असतात. बटण वर असताना वारा सरळ जातो. दाबले की भोके जादा नळीच्या तोंडाशी येतात, वारा तिथून फिरून पुन्हा मूळ नळीत येतो. बोट उचलताच स्प्रिंग पिस्टन वर ढकलते.

पहिले बटण सूर दोन अर्धस्वर उतरवते, दुसरे एक, तिसरे तीन. तिन्हींच्या जुळणीतून सहा अर्धस्वरांपर्यंत उतरता येते.

आता हिशेब. अर्धा स्वर उतरवायला नळी सुमारे ६ टक्के वाढावी लागते, पण हा टक्का वाढलेल्या लांबीवर धरावा लागतो. ठोक व्यापाऱ्याने आपला नफा चढवला की किरकोळ दुकानदाराचा टक्का त्या चढ्या भावावर लागतो, तसेच हे. ट्रंपेटची नळी सुमारे १४८ सें.मी. असते. तीन जादा नळ्या मिळून ५५ सें.मी. भरतात, सहा अर्धस्वर उतरायला हव्यात ६१. म्हणून तिन्ही बटणे दाबली की सूर चढा लागतो. जाणता वाजवणारा तेवढ्यापुरती तिसऱ्या बटणाची सरकनळी बाहेर ओढतो. ती सहज सरकत नसेल तर भाव पाडून मागा.

पिस्टन ढिला झाला तर वारा गळतो, वाजवणाऱ्याचा दम जातो. तपासणी सोपी आहे. बटण न दाबता त्याची सरकनळी थोडी बाहेर ओढा, मग बटण दाबा. 'फट्' असा आवाज आला तर पिस्टन घट्ट आहे. आवाज नाही तर माल झिजलेला समजा. दुरुस्ती महाग पडते.

प्रत्येक पिस्टन त्याच्याच नळकांड्यात घासून बसवलेला असतो. त्यावरील १, २, ३ हे आकडे पाहूनच परत घालावा, नाहीतर वाराच जाणार नाही. खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल घालू नका. पिस्टनचे पातळ तेल मिळते तेच वापरा. अडकला तर कोमट पाण्याने धुवा. पॉलिशपेपर लावू नका, आणि बाहेरची पितळ चमकवायची पावडर आत जाऊ देऊ नका, कारण तीच पिस्टन खाते. वरातीच्या दिवशी बटण अडकले तर ठरलेल्या पैशातून कपात होते, म्हणून तेलाची बाटली पेटीतच ठेवावी.