बाळाचा श्वास मोजायला शिकूया

ताईंनो, थंडी पडली की घरोघरी लेकरांना सर्दी-खोकला होतो. बहुतेक वेळा तो आपोआप बरा होतो. पण एखाद्या बाळाला त्यातूनच न्यूमोनिया होतो. कुणी म्हणतं 'डबा झालाय', कुणी म्हणतं 'पोट उडतंय'. हा आजार वेळेत ओळखायला मशीन लागत नाही, श्वास मोजता आला पाहिजे.

कसा मोजायचा?
बाळ शांत असताना झबलं वर करा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका.

मिनिटाला इतके किंवा जास्त श्वास म्हणजे धोका:
- 2 महिन्यांच्या आतलं बाळ: 60 (पुन्हा मोजून खात्री करा)
- 2 महिने ते 1 वर्ष: 50
- 1 ते 5 वर्षं: 40

आकडे चुकतात? दर 10 श्वासांना ज्वारीचा एक दाणा बाजूला ठेवा. पाच दाणे म्हणजे 50. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने शाळा न शिकलेल्या सुईणींनाही श्वास मोजायला शिकवलं. औषध गावातच वेळेवर मिळू लागलं आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याच्या आसपास कमी झाले.

लगेच दवाखान्यात न्या:
श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, बाळ अंगावर पीत नाही, मलूल पडतं, झटके येतात किंवा ओठ निळे पडतात. 2 महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास जलद असेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. वाटेत बाळाला छातीशी धरून उबदार ठेवा, पीत असेल तर पाजत राहा.

हे करू नका:
पोटावर डागणं, बिब्बा लावणं, नाकात तेल सोडणं, दुकानातून खोकल्याचं औषध आणणं. यात मोलाचा वेळ जातो. डॉक्टरांनी दिलेलं औषध बाळ बरं दिसलं तरी मध्येच थांबवू नका.

आधीच काळजी:
सहा महिने फक्त आईचं दूध. बाळाला चुलीच्या आणि विडीच्या धुरापासून लांब ठेवा. न्यूमोनियाची पीसीव्ही लस सरकारी केंद्रात मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि 9 महिने.

बैठकीत ठरवा:
1. आपल्या गटात पाच वर्षांखालची लेकरं किती? लसीचं कार्ड कुणाचं अपुरं आहे?
2. रात्री गाडी कुणाची मिळेल? नंबर वहीत लिहा.
3. अशा वेळी अंतर्गत कर्ज बैठकीची वाट न पाहता द्यायचा ठराव करूया का?
4. आशाताईंना बोलवून प्रत्येकीने एकदा श्वास मोजून दाखवा.