अवजारांची पावसाळी ठेवण

काम करणारें लोखंड झिजतें, हें सर्वांस दिसतें. परंतु स्वस्थ पडलेलें लोखंड त्याहून लवकर नासतें, याकडे पुष्कळ शेतकरी बंधूंचें लक्ष जात नाहीं. मळणीयंत्राचें काम वर्षांतून थोडक्या दिवसांचें. बाकीचे महिने तें गोठ्याच्या कडेस उभें असतें. त्याचें आयुष्य त्या रिकाम्या महिन्यांवरच अवलंबून असतें.

थंड देशांत हिवाळ्यापूर्वीं इंजिनांतील पाणी काढून टाकतात, किंवा त्यांत न गोठणारा द्रव मिसळतात. कारण पाणी गोठतांना सुमारें ९ टक्के फुगतें व ओतीव लोखंडहि तडकतें. महाराष्ट्रांत बहुतेक ठिकाणीं तें भय नाहीं. आपल्या यंत्रांचा हिवाळा म्हणजे पावसाळा होय.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन बिघडते अशी समजूत होती. ती समजूत गेली. परंतु अवजार ठेवण्याची जुनी रीत मात्र राहिली. लाकडाचा शत्रु वाळवी, लोखंडाचा शत्रु गंज. गंजास हवा व पाणी दोन्ही लागतात. लोखंडावर तेलाचा थर असला म्हणजे दोहोंसहि अटकाव होतो. पुढील सर्व कृतींचें मर्म एवढेंच आहे.

१. नांगर : फाळास चिकटलेली माती ओल धरून ठेवते. ती खरडून, फाळ धुऊन व उन्हांत वाळवून त्यावर ग्रीसचा पातळ थर द्यावा. जळालेलें तेल फासण्याची चाल आहे. परंतु त्यांत आम्लाचा अंश असतो व पुढें तें जमिनींतहि जातें. म्हणून स्वच्छ तेलच वापरावें.

२. पेरणीयंत्र : मृगाची पेरणी आटोपतांच त्याच दिवशीं खताची पेटी व नळ्या रिकाम्या करून धुवाव्या. रासायनिक खत हवेंतील ओल शोषून घेतें व त्याचा क्षार पत्रा खातो. येथें एका आठवड्याचा आळसहि महाग पडतो.

३. मळणीयंत्र : प्रथम तें ट्रॅक्टरपासून अथवा विजेपासून सोडवावें, मगच झांकणें उघडावीं. आंतील भूस व दाणे झाडून काढावे, नाहींतर उंदीर येतात व पट्टे कुरतडतात. पट्टे सैल करून, शक्य तर काढून, कोरड्या जागीं टांगावे. त्यांस तेल लावूं नये. तेलानें रबर बिघडतें. बेअरिंगांत मात्र नवें वंगण भरावें.

४. इंजिन : थोडें चालवून तेल ऊन असतांनाच काढावें, म्हणजे मळ त्याबरोबर निघून जातो. नवें तेल भरून पुन्हां दोन मिनिटें चालवावें. डिझेलची टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकींतील हवेची वाफ रात्रीं थंड होऊन पाण्याच्या थेंबांनीं इंधनांत उतरते. बॅटरी काढून कोरड्या जागीं ठेवावी व महिन्यास एकदां भारित करावी.

५. जागा : छप्पर गळकें नसावें. अवजार ओल्या जमिनीवर न टेकवितां फळ्यांवर किंवा विटांवर ठेवावें. गोठ्यांत ठेवूं नये. तेथील मूत्राच्या वाफेनें लोखंड लवकर गंजतें.

स्वच्छता करतांनाच ढिले बोल्ट, झिजलेले फाळ, तडकलेले पट्टे यांची यादी करून तीं कामें रिकाम्या दिवसांत उरकावीं. पाऊस पडून वाफसा आला म्हणजे तो कोणाच्या दुरुस्तीसाठीं थांबत नाहीं. एका दिवसाच्या मेहनतीनें व शेर-अर्धाशेर तेलानें जें वांचतें, तें केवळ यंत्र नव्हे, तर वेळेवर झालेली पेरणी होय.