कापडवाल्या खलिफापासून चौलच्या बंदरापर्यंत

खिलाफतीचा इतिहास आपण बहुधा जलशांतून आणि वाजांतून ऐकतो. त्यात लढाया असतात, शहादती असतात, गादीचे तंटे असतात. दुकानावर बसणाऱ्या माणसाला वाटते, हा उलेमांचा आणि मदरशाचा विषय, आपल्याला त्यातून काय घ्यायचे? तीच खिलाफत बाजाराच्या दारातून पाहिली तर दुकानदारासाठी तिच्यात पुष्कळ आहे. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याशीही तिचा जुना संबंध आहे. या लेखात तेवढाच भाग पाहू.

खांद्यावर तागे घेतलेले खलिफा

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे इ.स. ६३२ मध्ये निधन झाले आणि मदिनेत हजरत अबू बक्र (रजि.) खलिफा झाले. ते मक्केपासूनच कापडाचे व्यापारी. खलिफा झाल्यावर एका सकाळी ते नेहमीप्रमाणे खांद्यावर कापड टाकून बाजाराला निघाले. वाटेत हजरत उमर (रजि.) आणि हजरत अबू उबैदा (रजि.) भेटले. मुसलमानांचा कारभार अंगावर असताना बाजार कसा करणार, असे त्यांनी विचारले. बायकामुलांना खाऊ काय घालू, असा हजरत अबू बक्र (रजि.) यांचा सवाल होता. मग सर्वांच्या विचाराने बैतुलमालमधून त्यांच्या घरखर्चापुरती रक्कम बांधून देण्यात आली आणि दुकान बंद झाले.

खलिफाने व्यापार चालू ठेवला असता तर त्याच्याशी भाव करायची हिंमत कोणाला झाली असती? सत्ता आणि दुकान एका हातात राहिले नाही, हे बाजाराच्या भल्याचेच झाले. ६३४ मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी वसीयत केली की बैतुलमालचे जे काही घरात आहे ते पुढच्या खलिफाकडे पोहोचवावे. निघाले काय, तर एक चाकर, पाणी वाहणारा एक उंट आणि एक जुनी चादर. हे पाहून हजरत उमर (रजि.) रडले, कारण मागून येणाऱ्यांसाठी ही वाट फार अवघड होऊन बसली होती.

नवी शहरे, नवे बाजार

हजरत उमर (रजि.) यांच्या दहा वर्षांत (६३४ ते ६४४) इराक, शाम, इराण आणि मिसर खिलाफतीत आले. फौजेच्या वस्तीसाठी नवी शहरे वसली. बसरा हजरत उत्बा बिन गजवान (रजि.) यांनी वसवले, कूफा ६३८ च्या सुमारास हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांनी आणि मिसरमध्ये फुस्तात हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी. कूफ्यात मधोमध मशीद आणि तिला लागून बाजार होता. बाजाराचा कायदाही मशिदीसारखाच. जो सकाळी आधी येऊन बसेल, ती जागा त्या दिवसापुरती त्याची. कायमचा हक्क कोणाचा नाही. हातगाडीवाला आणि पक्क्या दुकानाचा मालक यांचे रोजचे भांडण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कायद्याची किंमत कळेल.

ज्याला देवाणघेवाणीतला हलाल-हराम समजत नाही त्याने आमच्या बाजारात बसू नये, असा हजरत उमर (रजि.) यांचा दंडक होता. ते स्वतः बाजारातून फिरत, मापे पाहत.

ठाण्याची स्वारी

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. बलाजुरी या नवव्या शतकातील इतिहासकाराने नोंदवले आहे की ६३६ च्या सुमारास बहरीन आणि ओमानचे वाली हजरत उस्मान बिन अबिल आस (रजि.) यांनी समुद्रमार्गे ठाण्यावर एक फौज पाठवली. फौज परत आल्यावर त्यांनी मदिनेला कळवले. शाबासकी मिळाली नाही. हजरत उमर (रजि.) यांनी खरमरीत उत्तर दिले. माणसांना लाकडावर किड्यांसारखे बसवून समुद्रात लोटलेस. ती बुडाली असती तर तेवढीच माणसे तुझ्या कबिल्यातून वसूल केली असती, असा त्याचा आशय होता.

म्हणजे आजच्या महाराष्ट्राचे नाव खिलाफतीच्या इतिहासात अगदी सुरुवातीलाच येते आणि ते खलिफाच्या नाराजीसह येते. नफ्याचा हिशेब करण्याआधी त्यांनी माणसांच्या जिवाचा हिशेब विचारला.

गट का पडले?

हजरत उस्मान (रजि.) हेही मोठे व्यापारी आणि दिलदार दाते. त्यांच्या काळाच्या (६४४ ते ६५६) उत्तरार्धात कूफा, बसरा आणि फुस्तात येथून तक्रारी येऊ लागल्या. नेमणुका कोणाला मिळाल्या, जमिनीचे उत्पन्न कोणाचे, वजिफा कोणाला किती, हे त्यांतले मुद्दे होते. वाटपाची पद्धत एकसारखी राहिली नव्हती. हजरत अबू बक्र (रजि.) सर्वांना सारखे देत. हजरत उमर (रजि.) यांनी दिवान, म्हणजे नोंदवही, सुरू केली आणि इस्लाममधील आधीची खिदमत पाहून वजिफ्याचे दर्जे ठरवले. हजरत अली (रजि.) यांनी पुन्हा समान वाटप केले. प्रत्येक पद्धतीमागे नियत चांगली होती, तरी ज्याचा वाटा बदलला त्याचे मन बदलले. भागीदारीत धंदा केलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

६५६ मध्ये हजरत उस्मान (रजि.) मदिनेत शहीद झाले. त्याच वर्षी बसऱ्याजवळ जमलची लढाई झाली, ६५७ मध्ये सिफ्फीनची. त्यातून खारिजींचा गट फुटून निघाला. त्यांच्यातील एकाने ६६१ मध्ये कूफ्याच्या मशिदीत हजरत अली (रजि.) यांच्यावर वार केला आणि ते शहीद झाले. दोन्ही बाजूंना थोर सहाबी होते. त्यांच्यात निवाडा करायला आपण बसलेलो नाही. हजरत हसन (रजि.) यांनी सुलह करून रक्तपात थांबवला, दमिश्क राजधानी झाली, तरी ६८० मध्ये करबला घडलीच.

या धामधुमीतही कूफ्याच्या बाजाराची एक गोष्ट सांगितली जाते. हजरत अली (रजि.) खलिफा असताना सदरा घ्यायला गेले. दुकानदाराने ओळखले, तसे ते पुढे निघाले आणि न ओळखणाऱ्या एका पोराकडून सदरा घेतला. पोराचा बाप मागून एक दिरहम परत घेऊन धावत आला. सौदा दोघांच्या राजीखुशीने झाला आहे, असे सांगून त्यांनी तो घेतला नाही. ओळखीची सवलत मागणाऱ्या आपल्या गिऱ्हाइकांना आणि ती देऊन दुसऱ्याकडून वसूल करणाऱ्या आपणा दुकानदारांना ही गोष्ट सारखीच लागू आहे.

चौलचे हुनरमन

७५० मध्ये अब्बासी घराणे आले आणि ७६२ मध्ये खलिफा मन्सूरने बगदादचा पाया घातला. बसरा, सीराफ आणि ओमानची गलबते मोसमी वाऱ्यावर कोकणात येऊ लागली. फौजेने जे साधले नाही ते सौदागरांनी साधले.

अरब प्रवासी मसूदी ९१६ च्या सुमारास सैमूर येथे, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातील चौलला आला. राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली तिथे शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता. मसूदीने चौलमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान पाहिले. कोणी सीराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, कोणी बगदादचे. कित्येकांनी इथेच लग्ने करून घरे केली होती. त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्याला हुनरमन म्हणत. तेव्हाच्या हुनरमनचे नाव अबू सईद मारूफ बिन जकरिया.

पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेला शके ८४८ चा (इ.स. ९२६) ताम्रपट याहून पुढची हकीकत सांगतो. राष्ट्रकूट राजाने संजाणचा कारभार मुहम्मद नावाच्या अरबाकडे सोपवला होता. ताम्रपटात त्याचे नाव मधुमती असे झाले आहे. त्याने नदीवर फुकट नावा ठेवल्या आणि वाटसरूंसाठी भात, कालवण आणि तुपाचे अन्नछत्र घातले. देवीच्या मठाला दिलेल्या जमिनीलाही त्याची संमती आहे. परक्या राजाने परक्या धर्माच्या माणसावर एवढा भरवसा टाकला, तो त्याची साख पाहूनच.

आपल्या पेठेसाठी

ज्या बसऱ्याबाहेर मुसलमान मुसलमानाशी लढला, त्याच बसऱ्याचे लोक चौलला येऊन इतर शहरांच्या लोकांबरोबर एका हुनरमनचा निवाडा मानत होते. आज नागपुरात इतवारी असो, गांधीबाग असो की आमचे प्रतापनगर, मसलक आणि बिरादरी पाहून उधारी देणारे आणि तोडणारे आपल्यात आहेत. अशाने पेठ कमजोर होते.

दुसरी गोष्ट घरची आहे. आम्ही तिघे भाऊ. अब्बांच्या पश्चात दुकानाचा गल्ला आणि घरखर्च एकच राहिला. कोणी चोरी केली नाही, पण कोणी लिहूनही ठेवले नाही. एका लग्नाच्या खर्चावरून बोलणे वाढले आणि दुकानाचे तीन तुकडे झाले. मोठ्या भावाशी बोलणे सुरू व्हायला नऊ वर्षे गेली. पहिल्या खलिफांची गोष्ट मी शाळेत उर्दूतून पाठ केली होती. तिचा अर्थ मला तेव्हा कळला.

म्हणून व्यापारी बांधवांना एवढेच सांगणे आहे. दुकानाची, घराची आणि जमातीच्या अमानतीची वही वेगवेगळी ठेवा. भागीदारीतला वाटा दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्या. उधारी लिहिण्याचा हुकूम तर सूरह बकरहमध्येच आहे. तंटा झालाच तर कोर्टापूर्वी दोघांना मान्य असा एक हुनरमन शोधा. आणि हे काम उद्यावर टाकू नका. आज दुकान वाढवण्यापूर्वी एक कोरी वही घ्या.